ऐरोलीला समक्ष

नवी मुंबईला लोक नोकरीला जातात, नातेवाइकांकडे जातात, बाजाराला जातात. मी आणि माझे वडील, आण्णा, गेलो ते एक तारीख विचारायला.

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी मला एका मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीचं ऑफर लेटर मिळालं. कंपनीचं नाव लिहीत नाही. पुढं जे झालं ते त्या सुमारास बऱ्याच ठिकाणी चाललं होतं. आमच्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेली मी पहिली. आण्णांची वडूजमध्ये पिठाची गिरणी आहे, आई शेवया करून विकते, आणि शिष्यवृत्ती नसती तर माझं शिक्षण बारावीलाच थांबलं असतं. त्यामुळे ते पत्र आलं तेव्हा गल्लीतल्या मंडळानं चौकात माझ्या फोटोचा फ्लेक्स लावला. मावशीनं माझ्या स्थळाच्या बायोडाटावर कंपनीचं नाव ठळक अक्षरात टाकलं. पत्रात सगळं होतं, ऐरोलीच्या ऑफिसचा पत्ताही होता, फक्त रुजू व्हायची तारीख नव्हती. ती लवकरच कळवू, असं लिहिलं होतं.

वर्ष उलटून गेलं. मी मेल करत राहिले. उत्तरं नम्र असायची, तारीख नसायची. दळण घेऊन येणाऱ्या बायका विचारायच्या, "अजून गेली नाहीस व्हय?" मग मी गिरणीत बसायचंच सोडलं.

"मेल कसले करतेस," आण्णा एक दिवस म्हणाले. "समक्ष जाऊ. माणूस समोर उभं राहिलं की टाळायला जड जातं."

मी म्हटलं, मोठ्या कंपन्यांत असं चालत नाही. ते म्हणाले, "गिरणीची मोटार जळली तेव्हा किती फोन केले? आला कोण? साताऱ्याला जाऊन मोटारवाल्याच्या दुकानात बसलो, तेव्हा मेकॅनिक मिळाला." मलाही मनातून तेच वाटत होतं. आम्ही तहसील, बँक, शिष्यवृत्तीचं ऑफिस, सगळीकडे समक्षच गेलो होतो, आणि प्रत्येक ठिकाणी शेवटी काम झालं होतं. ही कंपनी तेवढी वेगळी असेल, हे मनाला पटत नव्हतं.

कळंबोली आणि कोपरखैरणे

मामा आम्हाला घ्यायला कळंबोलीला आला होता. बस हायवेला सोडते तिथून आत वळलं की लोखंडाचा बाजार सुरू होतो. सळयांच्या लांबलचक मोळ्या, पत्र्यांची भेंडोळी, आणि दोन्ही बाजूंना उभे ट्रक. आमच्याकडे घर बांधायला घेतलं की सळई सिमेंटच्या दुकानातून येते. ती दुकानात कुठून येते हे मी तिथं पाहिलं. हवेला गंजाचा वास होता.

आण्णांच्या हातातली पिशवी मामानं उचलली आणि सवयीनं खांद्यावर टाकली. "दाजी, ह्यात काय दगडं आणल्यात का?"

"खपलीचं पीठ आहे," आण्णा म्हणाले. "साहेबांसाठी. रिकाम्या हातानं कसं जायचं?"

मामा माथाडी आहे, तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटमध्ये. राहायला कोपरखैरण्याला. घर लहान, पण स्वतःचं, वर एक मजला चढवलेला, आणि ओळखीपाळखीची सगळी घरं साताऱ्याकडची. मामीनं त्या दिवशी बाजरीची भाकरी आणि घेवड्याची आमटी केली होती. एवढा प्रवास करून आपण घरचंच जेवतोय याची मला गंमत वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा आम्हाला आधी मार्केटात घेऊन गेला. भाचीला आपल्या माथाडींच्या टोळीला दाखवायचं होतं. माझं ऑफर लेटर आलं तेव्हाच त्यानं सगळ्यांना पेढे वाटले होते, आणि तेव्हापासून टोळी मी कधी येते याची वाट पाहत होती. गाळ्यासमोर कांद्याच्या गोणी उतरत होत्या. पायाखाली सालींचा थर, त्यावरून चालताना सर्रसर्र आवाज येतो.

"हीच का ऐरोलीवाली?" टोळीच्या मुकादमानं विचारलं. "बस बाळ. आमच्यात बदली माणूस आला तर त्याला दुसऱ्याच दिवशी पाठीवर गोणी मिळती. तुझ्या कंपनीनं वर्षभर नुसतं उभं केलंय म्हणं?"

"तिच्या गोण्या इंटरनेटवरनं यायच्यात तात्या," एकजण म्हणाला. "नेटवर्क नसंल."

सगळे हसले, मीही हसले. वर्षभरात या विषयावर मी पहिल्यांदा हसत होते. मामा मात्र हसला नाही. तो म्हणाला, "येणार म्हंजे येणार. ह्या मार्केटात माल कमी झाला, बराच परस्पर जातो आता. पण कॉम्प्युटरचं काम कमी हुतंय व्हय कधी?"

त्याचा हा विश्वास ऐकून मला थोडी भीती वाटली.

ऐरोली

ठाणे-बेलापूर रस्त्यानं जाताना मामा खिडकीतून दाखवत होता. इथं पूर्वी केमिकलची कंपनी होती, वास यायचा. तिथं रंगाची होती. मग काचेच्या इमारती आल्या, त्यात मुलं अमेरिकेशी फोनवर बोलायची. आता मधेमधे काही नव्या इमारती दिसत होत्या, अवाढव्य आणि जवळजवळ बिनखिडक्यांच्या. मला वाटलं गोदामं असतील.

आयटी पार्कचं फाटक आमच्या तालुक्याच्या कोर्टापेक्षा रुंद आहे. मामा तिथून कामावर परत गेला. आत हिरवळ, कारंजं, ओळीनं लावलेली झाडं. एका इमारतीवर कंपनीच्या नावाची अक्षरं काढून टाकलेली दिसली. काचेवर त्या जागी फिकट अक्षरं उरली होती, ती अजून वाचता येत होती.

गेटवरच्या सिक्युरिटीनं विचारलं, "कुणाला भेटायचंय?"

"एचआरला," मी म्हटलं.

"नाव सांगा, फोन लावतो."

मी पत्र काढलं. खाली माणसाचं नाव नव्हतं. नुसतं 'टॅलेंट टीम' असं होतं. वर्षभर ते पत्र मी किती वेळा वाचलं असेल, पण ही गोष्ट तिथं उभी राहिल्यावर लक्षात आली.

"मॅडम, टीमला फोन कसा लावू?"

"टीममधल्या कुणालाही लावा," आण्णा म्हणाले. "आमचं काही तसं नाही."

तो चांगला माणूस होता, विट्याकडचा निघाला. त्यानं आत दोन-तीन ठिकाणी खरंच विचारलं. मग बाहेर येऊन सांगितलं की ते लोक या इमारतीत बसतच नाहीत. दुसऱ्या राज्यात ऑफिस आहे, आणि तिथलेही निम्मे घरून काम करतात. "काका, तुम्ही बंगळुरूला गेलात तरी कुणी भेटणार नाही."

आण्णांनी मान मागं टाकून इमारत वरपर्यंत पाहिली. "एवढी मोठी इमारत," ते म्हणाले, "आणि भेटायला माणूस नाही."

माझ्या कॉलेजातली शीतलताई त्याच पार्कात दुसऱ्या कंपनीत आहे. माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी, दहिवडीची. तिला फोन केला तर म्हणाली, थांबा, पास काढते, वर कॅन्टीनला या. पास मिळाला, पण बॅग तपासायच्या यंत्रातून आमची पिशवी गेली आणि पट्टा थांबला.

"ही पूड कसली आहे?"

"पीठ."

"कसलं पीठ?"

"खपली गव्हाचं," आण्णांनी सांगितलं. "चाळणी न लावलेलं. पोळी लालसर होते, पण पोटाला हलकी."

दोन गार्ड, एक सुपरवायझर, मग आणखी एक साहेब. पिशवी उघडली, चिमूटभर पीठ टेबलावर ठेवलं. आण्णांनी त्यातलं थोडं तोंडात टाकून दाखवलं. मी जमिनीकडे बघत होते. शेवटी शीतलताई खाली आली, तिनं पिशवीत हात घातला, वास घेतला आणि म्हणाली, "आण्णा, हे मला द्या. इथं खपली बघायला मिळत नाही." सुपरवायझरनं रजिस्टरमध्ये 'खाद्यपदार्थ' असं लिहून घेतलं आणि आम्ही वर गेलो.

कॅन्टीन मोठं होतं, पण अर्ध्या भागातल्या खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवलेल्या. इडली चांगली होती. शीतलताईनं काहीही न लपवता सांगितलं. त्यांच्या टीममध्ये पूर्वी दहाजण होते, आता चार आहेत. जे प्रोग्राम ती पहिल्या वर्षी शिकत शिकत लिहायची, त्यांचा पहिला मसुदा आता यंत्रच लिहून देतं; तिनं तो तपासायचा. उरलेल्या चौघांना डोकं वर काढायला फुरसत नाही. "कंपन्या बुडत नाहीयेत गं. बारीक होतायत. आणि बारीक होताना पहिल्यांदा नव्या मुलांना दारात थांबवतात."

"म्हणजे हिचं पत्र खोटं?" आण्णांनी विचारलं.

"खोटं नाही आण्णा. पुढच्या महिन्यात तारीख येईल, नाहीतर पुढच्या वर्षी. नाहीतर येणारही नाही. त्यांनाच माहीत नाही."

हे मला इतकं स्पष्ट कुणी सांगितलं नव्हतं. वाईट वाटायच्या आधी मला बरं वाटलं. आपल्यात काही खोट आहे म्हणून थांबवलंय, असं मी वर्षभर मनात धरून होते.

मग ती म्हणाली, "शनिवारी महाप्याला एक वॉक-इन आहे, थेट जाऊन मुलाखत द्यायची. डेटा सेंटरची देखभाल करणारी कंपनी आहे, लहान. त्यांना इंजिनिअर पाहिजेत. पाळ्या असतात, प्रोग्रामिंग नसतं, म्हणून आपली मुलं जात नाहीत. जाऊन तर ये."

महापे

ज्या बिनखिडक्यांच्या इमारतींना मी गोदाम समजले होते, त्यातलीच एक म्हणजे हे डेटा सेंटर. मामा येतो म्हणाला नाही. आदल्या संध्याकाळी तो चिडला होता. "इंजिनिअर होऊन मशिनीची राखण करायची? टोळीला काय सांगू मी?" मामी म्हणाली, "नोकरी टोळीला करायचीया का तिला?" पण सकाळी तो लवकर मार्केटला निघून गेला. मी आणि आण्णाच गेलो.

लेखी परीक्षा झाली, मग नेटवर्कवरचे प्रश्न. माझं बरं झालं. आमच्या कॉलेजातल्या नेटवर्किंगच्या मॅडमची मला मनापासून आठवण झाली. लॅबमध्ये पुरेशी यंत्रं नव्हती, तेव्हा त्या आम्हाला जुन्या वायरी कापून पुन्हा जोडायला लावायच्या. परीक्षेनंतर शिफ्टचे प्रमुख देवरे सर, वय चाळिशीचं, आम्हा उमेदवारांना आत घेऊन गेले. फोन बाहेर ठेवायचा, बुटांवर पिशव्या चढवायच्या, दोन दारं पार करायची, आणि मग ते समोर दिसतं. कपाटांच्या लांब रांगा, त्यांत लुकलुकणारे दिवे, एका गल्लीत थंडी आणि शेजारच्या गल्लीत उन्हाळा. वाऱ्याचा आवाज इतका की सर मोठ्यानं बोलत होते. आपला फोटो फोनमधून जाऊन 'कुठेतरी' साठवला जातो, असं आपण म्हणतो. ते 'कुठेतरी' मी महाप्याला पाहिलं. मागच्या अंगणात एसटीएवढे जनरेटर होते, वीज गेली तर लगेच भार उचलायला तयार.

मी शिकले ते सगळं यावर चालतं, आणि चार वर्षांत हे मला कुणी दाखवलं नव्हतं. मला ते आवडलं. असं पटकन काही आवडेल असं वाटलं नव्हतं.

मग मुलाखत. देवरे सरांनी माझा अर्ज बघितला. "तुमच्याकडे मोठ्या कंपनीचं ऑफर लेटर आहे."

"हो सर."

"उद्या त्यांचा मेल आला तर जाल?"

नाही म्हणायला तोंड उघडलं होतं, पण ते खरं नव्हतं. "कालपर्यंत गेले असते," मी म्हटलं. "आजचं मला माहीत नाही."

ते रागावले नाहीत. "निदान खरं बोललात. बघा, आम्ही सहा महिने शिकवतो. गेल्या खेपेला दोन मुलं मधेच गेली, त्यांचे मेल आले म्हणून. त्यांची चूक नाही, पण पाळी मोकळी पडली. तुमची निवड झाली आहे असं समजा. फक्त ते पत्र आधी नाकारून या. सोमवारी सकाळपर्यंत मला कळवा. नाहीतर जागा पुढच्या नावाला जाईल."

बाहेर आण्णा कंपाउंडपाशी उभे होते. त्यांनी इमारतीच्या भिंतीला तळहात लावला होता. गिरणी नीट चालली आहे की नाही, हे ते असंच बघतात.

"काय म्हणाले?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी हात काढला आणि खिशात घातला. "पत्र सोडायचं," ते म्हणाले, आणि स्टॉपकडे चालू लागले.

दिवाळे

रविवारी मामीनं आम्हाला बेलापूरजवळच्या दिवाळ्याला नेलं. ती दर रविवारी तिथून मासळी आणते. लग्न होऊन आली तेव्हा तिला मासळीतलं काही कळत नव्हतं, आता ती भाव पाडण्यात कुणाला ऐकत नाही. मामाही आला, पण चार पावलं मागून.

खाडीच्या काठाला होड्या लागल्या होत्या. बांबूंवर बोंबील वाळत घातलेले. आमच्याकडे अंगणात कुरडया वाळतात, तशी ती रांग दिसत होती. वास तेवढा वेगळा. पलीकडे बेलापूरच्या उंच इमारती, आणि इकडे बायका पाट्या मांडून बसलेल्या. मामीच्या ओळखीच्या हिराबाईंनी आमच्यापुढे कोळंबी सारली.

"ताजी हाय गो, आताच होरी आली. ही पोर कोनाची?"

"नणंदेची. इंजिनिअर आहे."

"ऐरोलीला?" हिराबाईंनी माझ्याकडे नीट पाहिलं. "माजा मोठा पोर तिकरच्याच कंपनीची मानसा न्यायचा गारीनं. रातदिस फेऱ्या. आता सगली घरान बसून काम करतान. गारी इकली त्यानं."

"मग आता?" मी विचारलं.

"आता काय, होरीवर येतंय माज्या घरवाल्याबरोबर. पयले लय लाज वाटाची त्याला. गारीचा डायवर ना मंग जालं वढाचं. आता त्याला कोनी इचारीत पन नाय." मग मामीकडे वळून, "घे ना गो, निस्ती बघत काय ऱ्हायलीस? शोरूम हाय का ह्यो?"

मामी घासाघीस करायला बसली. मी काठाच्या पायऱ्यांवर बसले. आण्णा शेजारी येऊन बसले, मामा थोडा लांब.

मला काय गमवायचं होतं ते मी स्वतःला नीट सांगून पाहिलं. एक मोठं नाव. बायोडाटावरची ठळक ओळ. गावात कुणी विचारलं तर एका शब्दात सांगता येईल असं उत्तर. आणि ते पत्र हातात असेपर्यंत मी सॉफ्टवेअर इंजिनिअर होते. ते सोडलं की मी कोण, हे लोकांना दरवेळी समजावून सांगावं लागणार होतं. शिवाय उद्याच तारीख आली तर? हा विचार सगळ्यात जास्त छळत होता. ज्या धंद्यानं आमच्यासारख्या घरातल्या मुलींना पहिल्यांदा शहरात आणलं, त्याच्याबद्दल माझ्या मनात आजही उपकाराची भावना आहे. म्हणूनच पत्र सोडणं कृतघ्नपणा वाटत होता.

"आण्णा, तुम्ही काहीच बोलत नाही," मी म्हटलं.

"मी काय बोलू? ते आतलं मला कळत नाही." मग म्हणाले, "तुला आत गेल्यावर बरं वाटलं का?"

"हो."

"बाहेर आलीस तेव्हा तोंडावर दिसत होतं. पत्र आलं त्या दिवशीही एवढं नव्हतं."

मागून मामा म्हणाला, "नाईटला गाडी असती का घरी सोडायला?"

"असते मामा. दारापर्यंत."

"मग इथंच रहा आमच्यात. वरची खोली मोकळीच हाय." त्यानं समोर पाण्याकडे बघतच सांगितलं. टोळीचं नाव त्यानं काढलं नाही.

मी फोन काढला आणि मेल लिहिला. आपण दिलेल्या संधीबद्दल आभारी आहे, मी दुसरीकडे रुजू होत आहे, कृपया माझं नाव यादीतून काढावं. आभार मी मनापासून मानले होते. ते पत्र मिळालं तेव्हा आईला किती आनंद झाला होता, हे काही खोटं नव्हतं. मग बटण दाबलं.

उत्तर लगेच आलं. फोन खाली ठेवायच्याही आधी. उघडलं. लिहिलं होतं: आपण विचारणा केल्याबद्दल धन्यवाद. आपल्या रुजू होण्याची प्रक्रिया सुरू आहे. तारखेबद्दल लवकरच कळवण्यात येईल. कृपया संयम ठेवावा.

मी ते आण्णांना वाचून दाखवलं.

"म्हणजे तू नको म्हणालीस, हे पण तिकडं कुणी वाचलं नाही?"

"नाही. मशीननं उत्तर दिलं."

आण्णा गालातल्या गालात हसले. मग मोठ्यानं हसले. मामाही हसायला लागला, आणि मामी कोळंबीची पिशवी घेऊन आली तेव्हा आम्हा तिघांना काय झालंय हे तिला कळेना. मी तिथूनच देवरे सरांना फोन लावला. त्यांनी विचारलं, पाठवलात का मेल? मी हो म्हटलं. ते म्हणाले, पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेला या, बंद पायाचे बूट घालून. एवढीच तारीख हवी होती, आणि ती एका माणसानं फोनवर सांगितली.

वडूज

घरी आल्यावर आईनं सगळं दोनदा ऐकलं आणि पीठ तपासणाऱ्या गार्डांचं तिसऱ्यांदा. मावशीला बायोडाटा बदलायला सांगितलं, तर ती म्हणाली, नवीन कंपनीचं नाव फारच लहान अक्षरात बसतंय. बसू दे म्हटलं.

आज सकाळी मी वर्षभरानं गिरणीत जाऊन बसले. शेजारच्या काकू ज्वारी घेऊन आल्या होत्या. पट्टा चालू असल्यामुळे त्यांना ओरडून विचारावं लागलं.

"काय ओ, गेला होता ते काम झालं का पोरीचं?"

आण्णांनी डबा वजनकाट्यावर ठेवला.

"झालं," ते म्हणाले. "दुसरंच झालं, पण झालं."